जखमी पाय घेऊन घरात पडून असताना पोरीचं कॉलेज कसं ठरवावं

मृग लागायला चार दिवस होते. पेरणीआधी वावर साफ करायचं म्हणून मागच्या हंगामातली तुरीची धसकटं, म्हणजे कापणीनंतर उरलेले टोकदार बुंधे, वेचत होते, आणि त्यातलंच एक स्लीपरमधून आरपार माझ्या तळपायात घुसलं. पोरीची बारावी झालेली, सीईटीचा, म्हणजे प्रवेश परीक्षेचा, निकाल तोंडावर. पुढचे अडीच महिने आमच्या घरात दोनच विषय होते, माझा पाय आणि तिचं कॉलेज. मला साखर आहे, म्हणजे मधुमेह, म्हणून पाय लवकर भरेना. आणि माहेर-सासर दोन्हीकडे गाव सोडून शिकायला जाणारी ही पहिलीच पोरगी, म्हणून कोणाला काय विचारावं हेही कळेना.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या दारव्हा तालुक्यात काय किंवा आजूबाजूला काय, ही दोन्ही कामं नेमकी एकाच वेळी येतात. जून ते ऑगस्ट म्हणजे चिखल, काटे, निंदण, डवरणी. आणि प्रवेशाच्या तारखाही त्याच दिवसांतल्या. ज्यांच्या घरात हे पहिल्यांदा आलंय त्यांनी कोणतं काम कधी आणि कोणाकडून करून घ्यावं, ते क्रमाने सांगते. मी डॉक्टर नाही. पायाबद्दल जे लिहिते ते दवाखान्यात मला समजावून सांगितलेलं आणि मी पाळलेलं आहे. तुमच्या पायाचं तुमचे डॉक्टर सांगतील तेच धरा.

पहिला दिवस

मी काय केलं ते आधी सांगते, म्हणजे तुम्ही ते करणार नाही. धसकट ओढून काढलं, हळद दाबली, जाऊबाईंनी बिबा तापवून चटका दिला आणि मी पुन्हा कामाला लागले. फारसं दुखलंच नाही. मला वाटलं, बरं झालं. खरं तर साखरेच्या माणसाचा तळपाय दुखत नसेल तर तीच काळजीची गोष्ट आहे, कारण नसा बधिर झालेल्या असतात. चौथ्या दिवशी थंडी वाजून ताप आला तेव्हा पाय घोट्यापर्यंत सुजला होता.

करायचं ते असं. वाहत्या स्वच्छ पाण्याखाली साबणाने पाच-दहा मिनिटं जखम धुवा. वरवर अडकलेला कचरा निघाला तर ठीक, खोल रुतलेलं काही असेल तर सुईने कोरत बसू नका. हळद, राख, तंबाखू, रुईचा चीक, बिबा, काहीच लावू नका. स्वच्छ सुती कापड बांधा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात, म्हणजे आपण चोवीस तास त्यांच्यातच वावरतो. जखम मातीची असेल आणि आधीच्या इंजेक्शनला पाच वर्षं उलटली असतील तर पुन्हा घ्यावं लागतं. आधीचं कधी घेतलं ते आठवत नसेल तर तसं स्पष्ट सांगा.

डॉक्टरांना दोन गोष्टी न विचारता सांगा. एक, साखर आहे की नाही. दुसरी, वस्तू चपलेतून आत गेली की अनवाणी पायात. चपलेतून गेली असेल तर रबराचा तुकडा सोबत आत जातो, आणि अशा जखमेत वेगळ्या जातीचे जंतू वाढतात, त्यांना औषधही वेगळं लागतं. आणखी एक गोष्ट मला नंतर कळली: लाकडाचा तुकडा एक्सरेत सहसा दिसत नाही. माझा एक्सरे साफ होता. सोनोग्राफी केली तेव्हा आत बोटाच्या पेराएवढं धसकट निघालं. एक्सरे साफ आहे आणि तरी जखम वाहते आहे, असं असेल तर सोनोग्राफीबद्दल विचारायला लाजू नका.

घरी आल्यावर लाली जिथपर्यंत आहे तिथे पेनाने रेघ मारून ठेवा. लाली रेघ ओलांडून पुढे सरकली, वास यायला लागला, पू आला, कातडी काळी पडली, पायावरून वर लाल रेघ चढली, ताप किंवा थंडी आली, किंवा साखर कारण नसताना एकदम चढली, तर उद्यावर टाकू नका. रात्र असली तर १०८ ला फोन करा, त्या गाडीला पैसे लागत नाहीत. शस्त्रक्रिया लागेल असं म्हणाले तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी योजनेची मदत करायला बसवलेल्या माणसाला, गाठा आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते विचारा. राशन कार्ड आणि आधार सोबत असू द्या.

खाट कुठे टाकायची

हे बारीक वाटेल, पण पुढचे दोन महिने तुम्ही तिथून घर चालवणार आहात. माझी खाट आधी मागच्या खोलीत होती. तिथे फोनला रेंज नव्हती, उजेड नव्हता, आणि पोरगी काय करते आहे ते मला दिसत नव्हतं. तिसऱ्या दिवशी छपरीला लागून असलेल्या खोलीत हलवली: हाताशी चार्जिंगचा बोर्ड, समोर दार, रेंज दोन काड्या. माशा फार होत्या, म्हणून दिवसासुद्धा मच्छरदाणी लावली. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशी बसली तर अळ्या पडायला वेळ लागत नाही.

पाय उशीवर ठेवायचा तो असा की उशी पोटरीखाली येईल आणि टाच मोकळी राहील. टाचेखालीच उशी ठेवली तर तिथे दाबाने दुसरी जखम होते. मात्र ज्यांचे पाय थंड पडतात, रात्री दुखतात आणि खाली लोंबकळत सोडले की बरं वाटतं, त्यांच्या पायाला रक्त कमी पोचत असतं. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाय उंच करू नये. चांगल्या पायाचा घोटा दर तासाला पाच-दहा वेळा वरखाली करायचा, नाही तर पडून पडून पोटरीत रक्ताची गाठ होऊ शकते. पोटरी एकाच बाजूने सुजली, दुखली, किंवा धाप लागली तर ताबडतोब दवाखाना.

आणि सगळ्यात अवघड गोष्ट: त्या पायावर उभं राहायचं नाही. पट्टी रोज बदलली, औषध वेळेवर घेतलं, पण दिवसातून वीस वेळा त्याच पायावर चुलीपाशी गेलात, तर तळपायाची जखम भरत नाही. जुळणारी कातडी दर पावलाला चिरडली जाते. वॉकर भाड्याने किंवा कोणाच्या घरी पडून असलेला मिळतो. संडाससाठी मधे भोक असलेली खुर्ची येते, ती भारतीय भांड्यावर ठेवली की उकिडवं बसावं लागत नाही. ही खुर्ची आणायला आम्ही दहा दिवस लावले, आणि त्या दहा दिवसांत माझी जखम दोनदा उघडली. अंघोळीला पायावर पिशवी चढवून वरून बांधायची, अंघोळ झाली की लगेच काढायची. प्लास्टिकमध्ये घाम साचला की कातडी पांढरी होऊन कुजते.

पट्टीसाठी उपकेंद्राच्या सिस्टर किंवा आरोग्य केंद्र. घरी करायची असेल तर आधी त्यांच्या हाताखाली दोनदा करून बघा. हात साबणाने धुवायचे, जखम सलाईनने धुवायची, सांगितलेलं मलम लावायचं, जाळीची पट्टी, वर बँडेज, फार घट्ट नाही. फेसाळणारं औषध (हायड्रोजन पेरॉक्साइड) रोज रोज ओतू नका, ते जंतूसोबत नवीन पेशीही मारतं. गरम पाण्यात पाय बुडवून शेकणं तर मुळीच नाही. बधिर पायाला पाणी किती गरम आहे ते कळत नाही आणि भाजतं. गोळ्यांचा कोर्स पुरा करायचा.

खाण्याबद्दल गावात एकच सांगतात: डाळ खाऊ नको, अंडं खाऊ नको, पू धरते. ऐकू नका. जखम भरायला प्रथिनं लागतात. मी दोन वेळा घट्ट वरण, एक अंडं, मूठभर शेंगदाणे, ज्वारीची भाकर आणि पालेभाजी खाल्ली. गुळाचा चहा बंद. साखर ताब्यात नसेल तर बाकी सगळं करून पाय तसाच राहतो. मला जेवणाआधी १३० च्या आत आणि जेवल्यावर दोन तासांनी १८० च्या आत ठेवायला सांगितलं होतं. तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या. घरात कोणी तंबाखू-खर्रा खात असेल आणि जखम त्याचीच असेल, तर तो सोडायला हीच वेळ, कारण तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आवळतात.

एक वही, दोन बाजू

मी बचत गटाची वही सांभाळते, म्हणून ही सवय. दोनशे पानी एक वही घ्या. समोरून पायाचं लिहा, मागून कॉलेजचं.

समोर तारीख, साखर, पट्टी कोणी केली, वास, लाली. आठवड्यातून एकदा जखमेशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, त्याच जागी, त्याच उजेडात फोटो काढायचा. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, नाण्याशी ताडून पाहिलं की कळतो. चार आठवड्यांत जखम निम्म्याने तरी लहान व्हायला हवी. नसेल झाली तर त्याच औषधावर रेटत न बसता फोटो दाखवून विचारायचं की आता वेगळं काय करायचं. माझी तिसऱ्या आठवड्यात अडली होती. फोटो दाखवले म्हणूनच तुकडा शिल्लक असल्याचा संशय डॉक्टरांना आला.

मागच्या बाजूला अर्ज क्रमांक, पासवर्ड, अर्जाला जोडलेला मोबाईल नंबर, प्रवेशाच्या प्रत्येक फेरीची तारीख, कोणत्या कॉलेजातून कोणाचा फोन आला आणि त्याने फी किती सांगितली. मोबाईल नंबर घरातल्या कायमच्या फोनचा द्या. ओटीपी त्याच्यावरच येतो. आमच्या शेजारच्या पोराने जुना नंबर दिला होता, सिम बंद पडलं आणि लॉगिनसाठी तो आठ दिवस वणवण फिरला.

कागद: तुम्ही बसून सांगा, दुसरा जाऊन आणेल

तहसीलला जायचा मोह होतो. "मी गेल्याशिवाय काम होत नाही" असं आपल्याला वाटत असतं. जाऊ नका. सेतू केंद्रात रांगेत उभं राहून एका दिवसात पंधरा दिवसांची भरलेली जखम फाटते. यादी करून पोरीला आणि तिच्या बाबांना किंवा काकाला पाठवा.

उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, लागू असेल त्यांना नॉन क्रिमिलेअर आणि जात वैधता, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार. नॉन क्रिमिलेअरवरची शेवटची तारीख बघा. ती ३१ मार्चची असते, आणि ज्या शैक्षणिक वर्षासाठी प्रवेश घेताय त्याच्या शेवटाला येणारा मार्च तिच्यात यायला हवा. घरात आधीचं पडून असलेलं बहुतेक वेळा कामाचं नसतं. जात वैधतेचा अर्ज बारावीत असतानाच करायचा असतो. ज्यांचं पोरगं आज अकरावीत आहे त्यांनी हे वाक्य आत्ताच वहीत लिहावं. निकालानंतर धावपळ केली तर वैधतेसाठी अर्ज केल्याच्या पावतीवर प्रवेशाचा अर्ज होतो, पण मूळ प्रमाणपत्र मुदतीत आलं नाही तर आरक्षणाची जागा जाते. सातबाराही काढून ठेवा. कृषीच्या अर्जाला आणि अल्पभूधारकाच्या दाखल्याला तो लागतो, आणि अल्पभूधारकाच्या दाखल्यावर पुढे डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेचा अर्ज करता येतो.

शिष्यवृत्तीचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात. पोरीचं खातं आहे म्हणजे ते आधारला जोडलेलं आहे असं नाही. बँकेत जाऊन नीट विचारून यायला सांगा.

अर्ज भरताना कागद तपासणीचे दोन मार्ग विचारले तर घरून होणारी ई-तपासणी निवडा. कागद मोबाईलने स्कॅन करून चढवायचे, केंद्रावर जायची गरज नाही. फक्त रोज लॉगिन करून बघायचं. काही चुकलं असेल तर अर्ज परत पाठवतात आणि दुरुस्तीला मोजके दिवस देतात. आमचा अर्ज परत आला होता, कारण अधिवासाचा फोटो पुसट होता. पोरीने खाटेशेजारी बसून दुसऱ्यांदा चढवला, पाच मिनिटांचं काम.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नाहीत

निकाल आला आणि पोरीचे बाबा म्हणाले, "ब्याऐंशी टक्के, चांगले पडले." ते टक्के नव्हते. ८२ पर्सेंटाइल म्हणजे शंभरातल्या ८२ जणांइतके किंवा त्यांच्याहून जास्त गुण, आणि साधारण अठरा जण पुढे. परीक्षेला लाखो मुलं असतात, म्हणून ते अठराही हजारोंच्या घरात जातात. प्रवेश ठरतो गुणवत्ता यादीतल्या क्रमांकावर. मागच्या वर्षी कोणत्या कॉलेजात, कोणत्या प्रवर्गात, शेवटचा प्रवेश कितव्या क्रमांकाला मिळाला याच्या याद्या सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर असतात. पडून असलेल्या माणसाला करण्यासारखं हे उत्तम काम. मी चार दुपारी त्यात घालवल्या. वहीत तीन भाग केले: मिळणं अवघड, मिळण्यासारखं, नक्की मिळेल. प्रत्येक भागात नावं हवीत. फक्त पहिल्याच भागात नावं भरणारे शेवटी हात हलवत बसतात.

पोरीच्या यादीत तुमचा पाय शिरलाय का ते बघा

हे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे.

माझ्या पोरीला कृषी करायचं होतं, अकोल्याला. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून तिथे आहे, आणि आमच्या कपाशीच्या बियाण्याच्या गप्पांत ते नाव तिने लहानपणापासून ऐकलेलं. "मले मातीतलंच शिकाचं हाय," असं ती दहावीपासून म्हणायची. कोणतं कॉलेज आधी हवं, कोणतं नंतर, असा पसंतीक्रमाचा फॉर्म तिने भरला आणि छापून माझ्या हातात दिला, तर वरची दोन्ही नावं जवळच्या खासगी कॉलेजांची. अकोला तिसरं, नागपूर चौथं. मी विचारलं, हे काय. ती आधी म्हणाली, फी, बस, मैत्रीण. मग खाली बघत म्हणाली, "मी अकोल्याले गेली त तुई पट्टी कोन करन?"

मी पडल्या पडल्या काय बोलत होते तेही मला तेव्हा आठवलं. पट्टीला येणाऱ्या सिस्टरचं कौतुक करताना दहा वेळा म्हणाले होते की नर्सिंग किती चांगलं, घरात एक तरी हवी. तिच्यापुढे कण्हले होते. रात्री पाय ठणकला की तिलाच हाक मारली होती. मी तिला एका शब्दाने अडवलं नव्हतं, आणि तरी अडवलंच होतं.

तुमच्या घरीही हे होऊ शकतं. पोरं बोलत नाहीत, फॉर्ममध्ये लिहून मोकळी होतात. म्हणून पसंतीक्रम भरायच्या आधी, नंतर नाही, हे करा.

पुढच्या तीन महिन्यांची पट्टी कोण करणार ते पोरीशिवाय ठरवा. आम्ही जाऊबाईंना सिस्टरांकडे दोनदा शिकायला पाठवलं, आणि त्या नसतील त्या दिवशी आशाताई येतील असं ठरलं. नावं वहीत लिहिली. मग पोरीला दहा दिवस पट्टीला हात लावू दिला नाही. तिने डोळ्यांनी पाहिलं की तिच्यावाचून होतं. नुसतं "होईल गं सगळं" म्हणून तिला पटलं नसतं.

स्वयंपाक, पाणी, वावर, गोठा यांचंही तसंच. कोणतं काम तिच्या अंगावर आहे ते लिहा आणि प्रत्येकापुढे दुसऱ्याचं नाव टाका. एखाद्या कामापुढे नाव सापडलं नाही तर ते काम काही महिने होणार नाही असं ठरवा. आम्ही त्या वर्षी एक म्हैस विकली. मला वाईट वाटलं, आजही वाटतं.

मग तिला विचारा: माझा पाय धडधाकट असता तर तू पहिलं नाव कोणतं टाकलं असतं? उत्तर ऐकून घ्या, मधे बोलू नका. आणि पोराला विचारत असाल तर हाच प्रश्न त्यालाही विचारा. पोरं पायाचं नाव न घेता वावराचं नाव घेतात, गोष्ट तीच असते.

पैशाचं कारण मात्र खरं असू शकतं, ते वेगळं बोलायचं आणि आकड्यात बोलायचं. विद्यापीठाच्या स्वतःच्या घटक महाविद्यालयांची फी आणि संलग्न खासगी महाविद्यालयांची फी यांत मोठं अंतर असतं, म्हणून अनेकदा दूरचं सरकारी जवळच्या खासगीपेक्षा स्वस्त पडतं, वसतिगृह धरूनसुद्धा. आमचं तसंच निघालं. शिवाय २०२४-२५ पासून इतर मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण माफी आहे. अट अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून झालेला हवा. अनुसूचित जातीच्या ज्या मुलांना वसतिगृह मिळत नाही त्यांच्यासाठी स्वाधार योजना आहे.

पसंतीक्रम भरताना

मनाप्रमाणे भरा. जे सगळ्यात जास्त हवं ते वर, मिळण्याची शक्यता कितीही कमी असो. संगणक वरून खाली बघत येतो आणि तुमच्या क्रमांकाला जे पहिलं बसेल ते देतो. वर अवघड नाव टाकलं म्हणून खालचं हातचं जात नाही. पण पहिल्या फेरीत पहिलंच नाव मिळालं तर बहुतेक अभ्यासक्रमांत ते घ्यावंच लागतं, पुढच्या फेऱ्या बंद होतात. म्हणून पहिलं नाव असं हवं की मिळालं तर उद्या पिशवी भरून निघता येईल. नियम दरवर्षी थोडे हलतात, त्या वर्षीची माहितीपुस्तिका पोरीने मोठ्याने वाचावी आणि तुम्ही ऐकावी. आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या.

कॉलेज बघायला तुम्ही जाणार नाही, तुमचे प्रश्न जातील. पोरगी आणि तिची आत्या गेल्या. एसटीत बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे खर्चही बेताचा आला. मी कागदावर लिहून दिलं होतं: वसतिगृहात उन्हाळ्यात पाणी किती वेळ येतं, संडासाच्या कड्या धड आहेत का, मेसचं जेवण आज काय होतं, संध्याकाळची शेवटची गाडी किती वाजता, मोकळ्या तासाला मुलं कुठे बसतात, आणि दुसऱ्या वर्षाच्या दोन मुलींना एकटीने गाठून विचार की पुन्हा हेच घेतलं असतं का. आत्याने व्हिडिओ कॉल लावला आणि मी खाटेवरून प्रयोगशाळेच्या खिडक्यांतून दिसणारं वावर पाहिलं. पोरीचा चेहरा त्या कॉलवर जसा होता तसा जवळच्या कॉलेजच्या पायऱ्यांवर नव्हता.

या दिवसांत घरी एजंट येतात. पाय बांधून बसलेली बाई दिसली की म्हणतात, ताई, तुम्हाला धावपळ नको, कागद द्या, आम्ही सगळं करतो. आमच्याकडे आला त्याने मूळ गुणपत्रिका मागितली. देऊ नका. अर्जाच्या वेळी मूळ कागद ठेवून घ्यायचा हट्ट संस्थेने धरू नये, तपासून लगेच परत द्यावेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच सांगितलं आहे. आणि एजंटांच्या मार्गाने व्यवस्थापन कोट्यात, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागेवर, गेलात की वर सांगितलेली फी माफी हातची जाते.

जागा मिळाल्यावर

जागा लागली की ती स्वीकारायची फी भरणं आणि कॉलेजात हजर होणं, दोन्हींच्या तारखा वेगळ्या असतात आणि दोन्ही थोड्या दिवसांच्या. वहीवर लाल पेनाने लिहा. आमची जागा दुसऱ्या फेरीत अकोल्याला लागली. हजर व्हायच्या दिवशी माझी जखम नाण्याच्या आत आली होती, आणि मला जायचं होतं. डॉक्टरांनी पाय बघितला आणि नको म्हणाले. दाराच्या चौकटीला धरून एका पायावर उभी राहिले आणि तिला निरोप दिला. त्या दिवशी मी रडले, तेही लिहून ठेवते, कारण तुम्हालाही जावंसं वाटेल. मूळ कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स, फोटो, फीची पावती, वसतिगृहाचा वेगळा अर्ज, पिशवीत वरच ठेवा. वसतिगृहाचा अर्ज प्रवेशासोबत आपोआप होत नाही.

जखम मिटली की काम संपलं असं समजू नका. नवी कातडी महिनोन्‌महिने जुन्यापेक्षा कच्ची असते. पहिल्या आठवड्यात दिवसाला पाच-दहा मिनिटंच चालायचं, आल्यावर तळपाय बघायचा, लाल झालेला दिसला तर दुसऱ्या दिवशी थांबायचं. बधिर पायासाठी मऊ एमसीआर (मायक्रोसेल्युलर) रबराची, मागे पट्टा असलेली चप्पल घ्या. वावरात गमबूट, आणि घालण्याआधी उपडा करून झटकायचा. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवायच्या, तिथे तेल लावायचं नाही. तळपाय स्वतःला दिसत नाही, म्हणून भिंतीला लागून जमिनीवर छोटा आरसा ठेवला आहे. रात्री नऊ वाजता पोरीचा वसतिगृहातून फोन येतो, तेव्हा मी फोन खांद्याला लावून आरशात पाय बघते आणि तिला सांगते, कोरडा आहे, लाल नाही.